दातातल्या ‘किडी’चे कोडे उलगडणारा संशोधक

दाढ ठणकू लागली की दाताला कीड लागली, असे मराठी माणूस सहज म्हणून जातो. या साध्या शब्दप्रयोगात हजारो वर्षांची समजूत दडलेली आहे. दातात खरोखरच एखादा कृमी शिरतो आणि तो आतून दात पोखरत जातो, असे बॅबिलोनियापासून चीनपर्यंत मानले जात असे. सुश्रुतसंहितेतील दंतरोगांमध्ये ‘कृमिदंतक’ हे नाव आढळते. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातील कीड पाडण्याचा उपाय खेड्यापाड्यांत चालत आला. युरोपात तेच काम खुरासानी ओव्याच्या बियांकडून करवून घेतले जाई. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार यांनी १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या कृमीचे अस्तित्व नाकारले आणि साखर दातांना घातक असल्याचेही बजावले. परंतु कृमी नाही, तर मग दात पोखरते कोण, याचे प्रयोगांवर आधारलेले उत्तर मिळण्यास आणखी दीडशे वर्षे जावी लागली. ते उत्तर देणाऱ्या संशोधकाचे नाव विलोबी डेटन मिलर. दंतवैद्यकाच्या जगात हे नाव आदराने घेतले जाते. मात्र ज्यांच्या दातांसाठी ते झिजले, त्या सामान्य जनांना ते फारसे परिचित नाही.

मिलर यांचा जन्म १ ऑगस्ट १८५३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, अलेक्झांड्रिया नावाच्या छोट्याशा गावी झाला. घराणे शेतकऱ्याचे. पुढे कुटुंब जवळच्याच न्यूअर्क या गावी राहावयास गेले. मुलाची बुद्धी गणितात आणि पदार्थविज्ञानात विशेष चाले. मिशिगन विद्यापीठातून १८७५ साली पदवी घेऊन हा तरुण पदार्थविज्ञानाच्या पुढील अभ्यासासाठी एडिंबरोला आणि तेथून बर्लिनला गेला. तोवर दंतवैद्यक हा विषय त्याच्या मनातही नव्हता.

बर्लिनमध्ये मात्र आयुष्याने वेगळे वळण घेतले. पैशांची अडचण होती, प्रकृतीही साथ देत नव्हती. अशा काळात फ्रँक अ‍ॅबट या, बर्लिनमध्येच व्यवसाय करणाऱ्या अमेरिकन दंतवैद्याच्या घराशी मिलर यांचा परिचय झाला. त्या काळी अमेरिकन दंतवैद्यांचा युरोपात मोठा दबदबा होता. अ‍ॅबट यांच्या सहवासात मिलर यांना या विद्येची गोडी लागली आणि त्यांची कन्या कॅरोलाइन हिच्याशी त्यांचे सूर जुळले. मायदेशी परतून त्यांनी फिलाडेल्फियात दंतवैद्यकाचे शिक्षण घेतले. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने नुकत्याच सुरू केलेल्या दंतविभागाच्या पहिल्या तुकडीतून ते १८७९ मध्ये उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी कॅरोलाइनशी विवाह करून ते बर्लिनला परतले आणि सासऱ्यांच्या व्यवसायात सहभागी झाले.

त्या वेळचे बर्लिन हे एका तरुण संशोधकासाठी जणू तीर्थक्षेत्रच होते. मार्च १८८२ मध्ये रॉबर्ट कोख यांनी क्षयरोगाच्या जंतूचा शोध याच शहरात जाहीर केला. जंतू वेगळा करावा, तो शुद्ध स्वरूपात वाढवावा, त्याचे कार्य प्रयोगाने सिद्ध करावे, अशी शिस्तबद्ध पद्धत कोख यांनी घालून दिली होती. (हेच कोख पुढे १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत येऊन गेले.) मिलर यांनी कोख यांच्या प्रयोगशाळेत ही पद्धत आत्मसात केली आणि आजवर कोणी इतक्या चिकाटीने न न्याहाळलेल्या एका प्रदेशाकडे ती वळवली. तो प्रदेश म्हणजे माणसाचे तोंड.

याच शहराचा साखरेशीही जवळचा संबंध होता, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. बीटाच्या कंदात उसासारखीच साखर असते, हे आंद्रेआस मार्गग्राफ यांनी १७४७ साली बर्लिनमध्येच दाखवून दिले होते. एकोणिसाव्या शतकात बीटाच्या साखरेचे कारखाने युरोपभर उभे राहिले. इंग्लंडने १८७४ मध्ये साखरेवरील आयातशुल्क रद्द केले. एकेकाळी राजेरजवाड्यांच्या पंगतीत मिरवणारा हा पदार्थ मजुराच्या चहाच्या पेल्यापर्यंत पोहोचला. सोबत दंतक्षयही श्रीमंताच्या वाड्यातून गरिबाच्या झोपडीत शिरला. मिलर यांच्या दवाखान्यात येणारे किडके दात हे त्या बदलत्या काळाचेच अपत्य होते.

दंतक्षयाविषयी त्या काळात दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणे, तोंडात तयार होणारे आम्ल दाताचा चुना विरघळवते. दुसरा पक्ष जंतूंकडे बोट दाखवी. लुई पाश्चर यांनी १८५७ मध्ये दूध आंबण्यामागे सूक्ष्मजीवांचे कार्य असल्याचे दाखवले होते. फ्रान्समधील एमिल माजितो यांनी साखर आंबवून तयार झालेल्या द्रावात दात झिजतात, हे प्रयोगाने पाहिले होते. लंडनमध्ये अंडरवुड आणि माइल्स यांनी किडलेल्या दाताच्या आत जंतू असल्याचे १८८१ मध्ये मांडले. असे दुवे सुटे सुटे पडलेले होते. ते एका साखळीत गुंफण्याचे काम मिलर यांनी केले.

त्यांचे प्रयोग आज वाचताना त्यांतील साधेपणाचे नवल वाटते. काढून टाकलेले निरोगी दात त्यांनी लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात ठेवले आणि ते मिश्रण शरीराच्या तापमानाइतके उबदार राखले. काही काळानंतर मिश्रण आंबट झाले आणि दातांचा कठीण भाग मऊ पडू लागला. पावाऐवजी साखर घातली, तरीही तसेच घडले. मात्र मांस आणि चरबी घातलेल्या लाळेत दातांना अशी इजा झाली नाही. मग त्यांनी लाळ आणि पाव यांचे मिश्रण आधी उकळून घेतले. जंतू मेले, आम्ल तयार झाले नाही, दात जसेच्या तसे राहिले. एवढ्याशा फरकातून मोठा निष्कर्ष निघाला. साखर होती, लाळ होती, दातही होते. केवळ जिवंत जंतू नव्हते, म्हणून दात वाचले.

पुढची पायरी सूक्ष्मदर्शकाखालची होती. किडलेल्या दाताचे पातळ काप करून, त्यांना रंग देऊन मिलर यांनी पाहिले, तेव्हा दाताच्या आतील सूक्ष्म नलिकांमध्ये जंतूंच्या रांगा दिसल्या. तोंडातून त्यांनी अनेक प्रकारचे जंतू वेगळे करून वाढवले आणि त्यांतील कितीतरी जंतू साखरेपासून आम्ल, मुख्यत्वे दह्यात असते ते लॅक्टिक आम्ल, तयार करतात, हे सिद्ध केले. यातून त्यांचा सिद्धान्त आकाराला आला. दंतक्षय दोन टप्प्यांत होतो. प्रथम तोंडातील जंतू साखर आणि पिष्टमय पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात व ते आम्ल दातातील चुन्याचे क्षार विरघळवते. नंतर मऊ झालेला उरलेला भाग जंतू नष्ट करतात. रसायन आणि जंतू या दोन्ही पक्षांना सामावून घेणारा हा सिद्धान्त ‘रासायनिक-परजीवी सिद्धान्त’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याची मांडणी करणारा मिलर यांचा तोंडातील सूक्ष्मजंतूंवरील ग्रंथ १८८९ मध्ये जर्मन भाषेत आणि १८९० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

दरम्यान, १८८४ मध्ये बर्लिन विद्यापीठाने दंतवैद्यकाची संस्था स्थापन केली आणि तेथे प्राध्यापक म्हणून मिलर यांची नेमणूक केली. एका परदेशी माणसाला, त्यातही वयाची पस्तिशी न गाठलेल्या अमेरिकनाला हा मान मिळावा, हे काही जर्मन दंतवैद्यांना रुचले नाही. मिलर यांनी वादात शक्ती न दवडता काम वाढवले. अध्यापन आणि व्यवसाय सांभाळून त्यांनी १८८७ मध्ये बर्लिन विद्यापीठाचीच वैद्यकीय पदवी मिळवली. ज्यांनी आरंभी नाके मुरडली, त्याच जर्मन दंतवैद्यांच्या मध्यवर्ती संघटनेचे अध्यक्षपद पुढे त्यांच्याकडे चालून आले. आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक महासंघाची स्थापना १९०० साली पॅरिसमध्ये झाली. त्या महासंघाचे अध्यक्षपद मिलर यांनी १९०४ पासून अखेरपर्यंत भूषवले.

मिलर यांच्या सिद्धान्तात उणिवा होत्या. आम्ल तयार करणारे जंतू तोंडभर विखुरलेले असतात, असे ते धरून चालले. मग दाताच्या ठरावीक जागीच कीड का लागते, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. ते उत्तर ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक आणि लिऑन विल्यम्स यांच्या १८९० च्या दशकातील कामातून मिळाले. जंतू दातावर चिकट थर करून वसती करतात आणि त्या थराखाली आम्ल साचून राहते, असे त्यांनी दाखवले. दातांवर हात फिरवल्यास बुळबुळीत लागणारा तो थर आज प्लाक या नावाने सर्वपरिचित आहे. मिलर यांनी कोणा एका जंतूला गुन्हेगार ठरवले नव्हते. पुढे १९२४ मध्ये लंडनच्या किलियन क्लार्क यांनी किडक्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स’ हा जंतू वेगळा केला. दंतक्षयातील तो एक प्रमुख जंतू ठरला. मात्र एकट्या त्याच्यावर सारा दोष ढकलता येत नाही, हे आता मान्य झाले आहे. या बाबतीत मिलर यांचा सावधपणाच खरा ठरला.

त्यांच्या आणखी एका विचाराच्या वाट्याला मात्र विचित्र नशीब आले. तोंडातील जंतू शरीराच्या अन्य भागांतही रोग निर्माण करू शकतात, असे त्यांनी १८९१ मध्ये मांडले. त्यांचा भर दाताची योग्य निगा राखण्यावर आणि बाधित मुळांवर उपचार करण्यावर होता. पुढच्या पिढीतील काही डॉक्टरांनी या विचाराचे टोक गाठले. सांधेदुखीपासून मनोविकारांपर्यंत कशालाही दातच जबाबदार धरून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असंख्य रुग्णांचे चांगले दात उपटले गेले. एखादा शोध चुकीच्या हाती पडला की काय होते, याचे हे उदाहरण होय.

आयुष्याच्या अखेरच्या काळात मिलर दातांच्या झिजेकडे वळले. कीड लागलेली नसतानाही काही लोकांचे दात हिरडीजवळ खाचा पडून झिजतात, ते का, हा प्रश्न त्यांनी घेतला. दात, ब्रश, दंतमंजने आणि आम्ले यांवर त्यांनी असंख्य प्रयोग केले आणि १९०७ मध्ये त्यांचे सविस्तर निष्कर्ष प्रसिद्ध केले. खरखरीत दंतमंजनाने जोरजोराने दात घासण्याच्या सवयीला त्यांनी त्यात मोठे दोषी ठरवले. आम्लाने मऊ झालेला पृष्ठभाग ब्रशच्या घर्षणाने अधिक वेगाने झिजतो, हे नंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. आंबट पेय प्यायल्यावर लगेच दात घासू नयेत, असे दंतवैद्य सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

मायदेशाची ओढ एव्हाना तीव्र झाली होती. ज्या मिशिगन विद्यापीठातून ते पदवीधर होऊन बाहेर पडले, तेथील दंतमहाविद्यालयाचे अधिष्ठातापद त्यांना देऊ करण्यात आले. सुमारे तीन दशकांच्या वास्तव्यानंतर बर्लिनचा निरोप घेऊन ते १९०७ मध्ये अमेरिकेत परतले. नवे काम सुरू करण्याआधी ते न्यूअर्क या आपल्या गावी गेले असता त्यांना आंत्रपुच्छाचा तीव्र विकार जडला. शस्त्रक्रिया झाली, पण उपयोग झाला नाही. २७ जुलै १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची ५४ वर्षे पूर्ण होण्यास अवघे काही दिवस उरले होते. ज्या खुर्चीत बसण्यासाठी ते सातासमुद्रांपलीकडून आले, ती रिकामीच राहिली. जागतिक महासंघाने त्यांच्या नावे मिलर पारितोषिक सुरू केले आणि १९१० मध्ये त्याचे पहिले मानकरी ठरले ते ब्लॅक. मिलर यांच्या सिद्धान्तातील उणीव ज्यांनी भरून काढली, त्यांच्याच हाती हा मान जावा, यात औचित्य होते.

मिलर बर्लिनमध्ये लाळ आणि साखरेचे प्रयोग करीत होते, त्याच सुमारास, १८८६ मध्ये, अटलांटा येथील जॉन पेम्बर्टन नावाच्या औषधविक्रेत्याने एक गोड पेय तयार केले. ‘कोका-कोला’ या नावाने ते पुढे जगभर पोहोचले. या दोन माणसांची कधी भेट झाली नाही, पण विसाव्या शतकात त्यांच्या कामांची गाठ दातांवर पडली. मिलर यांनी सांगितलेली प्रक्रिया घडण्यास बाटलीबंद गोड पेयाइतके सोयीचे साधन क्वचितच सापडेल. साखर त्यात विरघळलेलीच असते. ती चावावी लागत नाही, तोंडात पोहोचताच जंतूंच्या हाती लागते. ३३० मिलिलिटरच्या कोलाच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशा साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि शक्य तर ५ टक्क्यांहून कमी. दोन हजार कॅलरींचा आहार घेणाऱ्या प्रौढ माणसाच्या बाबतीत ही ५ टक्क्यांची मर्यादा सुमारे २५ ग्रॅमची होते. एकच डबा ती ओलांडतो.

शिवाय ही पेये स्वतःच आम्लधर्मी असतात. कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल, लिंबाच्या स्वादाच्या पेयांत सायट्रिक आम्ल घातलेले असते. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. तो साधारण ५.५ च्या खाली उतरला की दाताचे वरचे कठीण आवरण विरघळू लागते. कोलाचा सामू २.५ च्या आसपास असतो. म्हणजे पेयातले आम्ल दातावर थेट काम करते आणि पेयातील साखरेपासून जंतू आणखी आम्ल बनवतात. हा दुहेरी मारा होय. साखरविरहित शीतपेयांत दुसरा मारा टळतो. पहिला टळत नाही.

मिलर यांच्यानंतरच्या संशोधनाने आणखी एक महत्त्वाची बाब पुढे आणली. अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दातांवरील थरातील आम्लता प्रत्यक्ष मोजली. साखरेच्या द्रावाने चूळ भरताच काही मिनिटांत ती झपाट्याने वाढते आणि पूर्ववत होण्यास अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो, असे त्यांना आढळले. या काळात लाळ आपले काम करीत असते. ती आम्ल सौम्य करते, विरघळलेले क्षार दाताला परत देते. तिला उसंत मिळाली पाहिजे, एवढेच. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४५ नंतर झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की साखर किती खाल्ली यापेक्षा ती कितीदा आणि किती चिकट स्वरूपात खाल्ली, याला अधिक महत्त्व आहे. जेवणासोबत घेतलेल्या साखरेने फारसे नुकसान झाले नाही. दोन जेवणांच्या मधल्या वेळी वारंवार खाल्लेल्या चिकट मिठायांनी दात किडले. हे प्रयोग एका मनोरुग्णालयातील असहाय रुग्णांवर, त्यांच्या संमतीविना झाले, हा त्यावरचा कायमचा डाग आहे. विज्ञानाला मिळालेले हे ज्ञान त्या रुग्णांच्या दातांची किंमत मोजून मिळालेले आहे, याचा विसर पडता कामा नये. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेत संपूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना साखरयुक्त आहार देण्यात आला. त्यांचे दात किडले नाहीत. उकळलेल्या लाळेचा मिलर यांचा प्रयोग सत्तर वर्षांनी जिवंत प्राण्यात खरा ठरला.

या सगळ्याचा अर्थ रोजच्या जगण्यात फार साधा आहे. जेवताना एक पेला सरबत घेणाऱ्याच्या दातांना लाळ सावरून घेते. कार्यालयात संगणकासमोर बसून तीच बाटली दुपारभर घोट घोट रिचवणाऱ्याच्या दातांना ती उसंत मिळत नाही. प्रत्येक घोटागणिक आम्लाचे घड्याळ नव्याने सुरू होते. झोपताना तान्ह्या मुलाच्या तोंडी दिलेली गोड दुधाची किंवा रसाची बाटली तर अधिकच घातक, कारण झोपेत लाळ कमी स्रवते. तहानेला पाणी, गोड पेय कधीतरी आणि शक्यतो जेवणासोबत, रात्री दात घासल्यानंतर काही गोड नाही आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा वापर, हा दंतवैद्यांचा सल्ला म्हणजे मिलर यांच्या प्रयोगपात्रांतून निघालेल्या निष्कर्षांचाच विस्तार आहे.

दातात शिरणारा कृमी कुणाच्या हाती नव्हता. तो नशिबाने यावा आणि धुरीने जावा, अशीच समजूत होती. मिलर यांनी त्या कृमीच्या जागी जंतू, साखर आणि वेळ यांचा हिशेब मांडला. जंतू तोंडातून कायमचे हाकलता येत नाहीत. त्यांना काय आणि किती वेळा खाऊ घालायचे, हे मात्र माणसाला ठरवता येते. कीड हा शब्द मराठीत राहीलच. तिला खाऊ घालणारा हात मात्र आपलाच असतो, हे बर्लिनमधल्या त्या अमेरिकन दंतवैद्याने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.